सासूबाईंची साक्ष

बडोद्यात मासे खाणं हा काही गुन्हा नाही, पण तो कुणाला पत्ता न लागू देता करायचा असतो, हे मी लग्न होऊन सासरी आल्यावर शिकले. माझं माहेर बडोद्यातल्याच वाडी भागातलं, देशस्थ, चातुर्मासात कांदासुद्धा घराबाहेर काढणारं. सासर कायस्थांचं. त्यांचे कोणी पणजोबा-खापरपणजोबा दरबारी नोकरीसाठी इकडे आले. समुद्र मागे राहिला, जीभ मात्र बरोबर आली. आता आम्ही वासण्यातल्या एका सोसायटीत राहतो आणि आमच्या मजल्यावरची बाकीची सगळी घरं शाकाहारी आहेत.

रविवारी कोलंबी करायची म्हणजे आमच्याकडे आधी बंदोबस्त होतो. सासूबाई स्वयंपाकघराची खिडकी लावतात, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावतात, बाहेरच्या पॅसेजमध्ये धूप पेटवतात आणि मगच कोलंबीची पिशवी उघडतात. सालं आणि डोकी तीन पिशव्यांत गुंडाळून नवरा स्कूटरवरून लांबच्या कचरापेटीत टाकून येतो. इतकं सगळं करून शेजारच्या बेनना ठाऊक असतंच. त्या विचारतात, "आज शुं बनाव्युं?" सासूबाई सांगतात, "शाक." दोघी एकमेकींकडे बघून गोड हसतात आणि शेजारधर्म अबाधित राहतो.

या सगळ्या कारभाराचा कळस म्हणजे सासूबाईंचं नाक. स्वयंपाक झाला की त्या जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या, दोनदा हुंगायच्या आणि आत येऊन जाहीर करायच्या, "काही नाही, स्वच्छ आहे." मासळी बाजारात विक्रेत्या त्यांना बघून टोपलीच्या तळाचा शिळा माल वर आणायचं बंद करायच्या. दूध नासणार आहे हे त्या आदल्या दिवशी सांगायच्या. बोलायलाही भीडभाड नाही. एका लग्नात त्यांनी वधूपित्याला तोंडावर सांगितलं होतं की रस्सा कालचा आहे. रस्सा कालचाच होता, पण ते घर आमच्याशी पुढे बराच काळ बोलत नव्हतं.

मला मासे खायला त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा कोलंबी तोंडात घातली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "डोळे कसले मिटतेस, औषध आहे का?" आज मी कोलंबीवर संशोधन करते, याचं निम्मं श्रेय त्यांचं आणि निम्मं पोटापाण्याचं.

माझं काम तळ्यातल्या कोलंबीच्या खाद्यावर आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, तळ्यात कोलंबी वाढवली म्हणजे समुद्राला तेवढाच विसावा. पण त्या कोलंबीला वाढायला चांगलं खाद्य लागतं, आणि ते करायला समुद्रातलीच बारीक मासळी वाळवून दळून घालतात. म्हणजे पुढच्या दाराने समुद्राला वाचवायचं आणि मागच्या दाराने लुटायचं. यावर उपाय म्हणून आम्ही भाजीबाजारातला सडका पाला गोळा करतो, त्यावर एका काळ्या माशीच्या अळ्या वाढवतो, त्या वाळवून दळतो आणि शेंगदाण्याच्या पेंडीत मिसळून गोळ्या पाडतो. मासळीचं पीठ वाचतं, पाला सत्कारणी लागतो.

हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हिंचक्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाय टेकवून हिंचका थांबवला.

"अळ्या? वांग्यात निघतात त्या?"

"तशाच. जरा धट्ट्याकट्ट्या."

"आणि त्या खाऊन माजलेली कोलंबी आम्ही खायची?"

"आई, शेणखतावरची मेथी खाताच ना आपण?"

"मेथी शेण चावत नाही," असं म्हणून त्यांनी हिंचका पुन्हा सुरू केला.

आखाताच्या काठी खाडीलगत एका शेतकऱ्याची तळी आहेत. त्यानं एका तळ्यात आमचं खाद्य घालायचं मान्य केलं. कोलंबी वाढली, वजन भरलं, मरतुक नेहमीइतकीच. मी खुशीत होते. तो मात्र तळ्याच्या बांधावर उभा राहून म्हणाला, "बेन, वजन तो बराबर छे. पण स्वादनुं शुं?" त्याचं म्हणणं रास्त होतं. चव बदलली आणि व्यापाऱ्यानं माल परत फिरवला तर तो कुठे जाणार? चवीचा निकाल चांगला लागला तर पुढच्या हंगामात सगळ्या तळ्यांत आमचं खाद्य, नाहीतर नाही, असं ठरलं. कित्येक वर्षं मी ज्या गोळ्यांच्या मागे होते त्यांचं भवितव्य आता कुणाच्या तरी जिभेवर होतं.

पण जीभ आणायची कुठून? आमच्या प्रयोगशाळेत एकजात शाकाहारी. आमच्या सरांचं अख्खं आयुष्य कोलंबीत गेलं, कोलंबीला स्वतःबद्दल नसेल तेवढी माहिती त्यांना आहे, पण त्यांनी ती कधी जिभेला लावलेली नाही. एक सहकारी तर कोलंबी तपासून झाल्यावर घरी जाऊन आंघोळ करतो. शेवटी मी सासूबाईंच्या महिला मंडळाला साकडं घातलं. कायस्थ, सारस्वत, एक-दोन कोकणातल्या मराठा, सगळ्या खाणाऱ्या. त्या आनंदानं तयार झाल्या.

चाचणी साधी असते. प्रत्येकीपुढे तीन वाट्या ठेवायच्या. दोन वाट्यांत नेहमीचं खाद्य खाल्लेली कोलंबी, एकीत आमची, किंवा उलट. नुसती उकडलेली, मीठसुद्धा नाही. वेगळी कोणती ते ओळखायचं. कुणालाच ओळखता आली नाही तर आम्ही जिंकलो. मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की अत्तर नको, वासाचं तेल नको, पान खाऊन यायचं नाही.

मंडळाच्या बायका ठरल्या वेळी आल्या त्या काठापदराच्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून. एकीनं तर येताना सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावलं होतं. समारंभाला जायचं म्हणजे असंच जायचं, ही गोष्ट त्यांना इतकी स्वाभाविक वाटत होती की माझी सूचना कानावर पडूनही आत गेली नव्हती. मी सगळ्यांना हात धुवायला लावले आणि गजरे काढून व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजाला अडकवले. आमचे सर येता येता तो देखावा बघून थबकले आणि काही न विचारता पुढे गेले.

खरा घोळ त्यानंतर झाला. वाट्या पुढे गेल्या, बायकांनी खाल्लं, आणि प्रत्येकीनं सांगितलं, "सगळ्या छान आहेत हं!"

"छान नको मावशी, वेगळी कोणती ते सांगा."

"अगं, कशाला वेगळी? तू एवढं मनापासून केलंयस."

एकीनं हळूच विचारलं, "डावीकडची नाही आवडली म्हटलं तर तुझ्या नोकरीचं काही होणार नाही ना?" मी कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या घरी वाढलेल्याला नावं ठेवायची नाहीत, हे ज्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलंय त्यांना मी नावं ठेवायलाच बोलावलं होतं.

सासूबाई शेवटच्या खुर्चीवर होत्या. त्यांना भिडेचा आजार नाही हे मला माहीत होतं. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर, आणि खरं सांगायचं तर धाकही त्यांचाच. त्यांनी तिन्ही वाट्यांतली कोलंबी सावकाश चावली, मध्ये पाणी प्यायल्या, पुन्हा चावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्या सारख्याच आहेत."

मला नाचावंसं वाटलं. कालचा रस्सा ओळखणाऱ्या बाईला अळीवरची कोलंबी ओळखता येत नाही! सरांना मी सासूबाईंची कीर्ती आधीच ऐकवली होती. ते म्हणाले, "बस, थई गयुं!" बाकीच्या बायकांची उत्तरं निरुपयोगी आहेत, चाचणी पुन्हा नीट घ्यावी लागेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण सासूबाई असं म्हणतात म्हणजे निकाल काय लागणार हेही कळल्यासारखं वाटत होतं. घरी येताना मी लहरीपुऱ्यात थांबून जिलेबी घेतली. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला आणि त्या लवकर झोपायला गेल्या. उन्हातान्हात जाऊन दमल्या असतील, असं मी धरून चालले.

पुढच्या रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. सासूबाईंनी खिचडीसाठी सोडे परतायला टाकले होते. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. ते कढईत पडले की घरभर असा वास सुटतो की आमच्याकडे रविवार आहे हे भिंतींनाही कळावं. थोड्या वेळानं त्या वासात करपट वास मिसळला. मला वाटलं, आई बघतील. मग धूर बाहेर आला आणि त्याच वेळी बेल वाजली. दारात शेजारच्या बेन, नाकाला पदर लावून.

"बेन, कंई बळे छे के शुं?"

मी धावत आत गेले. कढईत सोड्यांचा कोळसा झाला होता. सासूबाई गॅसकडे पाठ करून, कढईपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. निवांत. मी पुढे होऊन गॅस बंद केला तेव्हा त्या वळल्या, धूर बघितला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बेनना मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. नवरा अंघोळीला गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "दार लाव."

मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्याआधी त्यांना ताप आला होता, घरातल्या सगळ्यांनाच आला होता. बाकीच्यांचा ताप गेला, त्यांचा जाताना नाक घेऊन गेला. मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी काहीही नाही.

"कोलंबी म्हणजे तोंडात रबर चावल्यासारखं लागतं गं. त्या दिवशी तुझ्या तिन्ही वाट्यांत रबरच होतं. मग मी काय सांगू?"

"पण आई, तुम्ही रोज स्वयंपाक करताय!"

"फोडणी कानानं कळते. कांदा डोळ्यांना दिसतो." त्यांनी मेथीची एक काडी खुडली. "वाटण नीट परतलं गेलंय का कच्चं राहिलंय, ते तुमच्या तोंडाकडे बघून ठरवते. पहिला घास घेता ना तुम्ही, तेव्हा."

मला एकदम सगळं दिसलं. जेवायला बसलं की आई पानावर न बसता दाराशी उभ्या राहतात, ते आम्हाला वाढायचं असतं म्हणून, असं आम्ही समजत होतो. त्या आमची तोंडं वाचत होत्या. आणि आम्ही काय करत होतो? त्या आजारातून उठल्या म्हणून जे वाढतील त्याला "वा!" म्हणत होतो. मध्ये कितीदा तरी रस्सा कच्चा लागला होता. मी आणि नवरा एकमेकांकडे बघून गप्प खात होतो. त्यांना वाटत होतं जमतंय. बिचाऱ्यांच्या हातात तेवढंच एक साधन उरलं होतं आणि तेही आम्ही खोटं करून ठेवलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या शेजारी बसून उगाच मेथी निवडायला लागले.

"कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मंडळात तर मुळीच नाही. नाक नसलेली कायस्थीण म्हणून माझी काय शोभा राहील?"

"आणि माझी चाचणी?"

"माझं नाव काढून टाक. खोटी साक्ष नको." आणि मग, त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात, "सांग की सुनेच्या कामात सासूची साक्ष धरत नाहीत म्हणून. खरंच आहे ते."

सोमवारी मी सरांना अगदी तेच सांगितलं. त्यांना ते इतकं पटलं की हे आपल्या आधीच कसं लक्षात आलं नाही म्हणून ते खजील झाले. सासूबाईंना मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. वास परत येईल, नाहीही येईल, रोज लवंग, लिंबू आणि गुलाबपाणी हुंगत राहा, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई आता दुपारी हिंचक्यावर बसून तीन बरण्या ओळीनं हुंगतात. शेजारच्या बेननी विचारलं तर सांगतात, प्राणायाम आहे.

चाचणी पुन्हा घ्यायची ठरली तेव्हा त्या आपण होऊन बरोबर आल्या. चाखायला नाही. बायका जमल्यावर त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, हे हळदीकुंकू नाही. माझ्या सुनेनं तुम्हाला नावं ठेवायला बोलावलंय. आपल्या सुनांच्या स्वयंपाकाला ठेवता ना, तशी ठेवा. जी छान म्हणेल तिनं पुढच्या मंडळाचा चहा करायचा." खोलीत हशा पिकला. या वेळी गजरे घरीच राहिले होते. वाट्या पुढे गेल्या आणि मंडळाच्या जिभा सुटल्या. एकीला वास चिखलट वाटला, एकीला कोलंबी जास्त उकडली असं वाटलं, आणि बऱ्याच जणींनी नेमकी आमचीच वाटी पुढे सरकवून सांगितलं, "ही फिकी आहे. गोडवा नाही हिला."

म्हणजे ओळखता येत होती. आमची कोलंबी वजनात पास आणि चवीत नापास. मी तळ्याच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "तो आवता वर्षे जोईशुं." पुढच्या वर्षी बघू. आम्ही आता पेंड कमी करून, कोलंबी तळ्यातून काढायच्या आधी शेवटच्या काही आठवड्यांत खाद्य थोडं बदलून बघतोय. संशोधनात हे असंच चालतं. कुणी तोंडावर फिकी म्हटल्याशिवाय ती गोड करायला लागावं हे सुचत नाही.

घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं. पण खोटं पास होण्यापेक्षा बरं."

रिक्षा वासण्याच्या रस्त्याला लागली तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तसाच ठेवला.

त्या रविवारी कोलंबीचं कालवण होतं. खिडकी लागली, टॉवेल लागला, धूप पेटला. जिन्यात जाऊन हुंगायचं काम आता माझ्याकडे आलंय, कारण विचारलं तर सासूबाईंचे गुडघे दुखतात. नवरा आणि मी पानावर बसलो. सासूबाईंनी वाढलं आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि सवयीनं भुवया उंचावल्या, म्हणजे आता "वा!" येणार. मी घास घेतला. खोबऱ्या-लसणाचं वाटण घशाला लागलं. मी वर बघितलं. त्या माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.

"आई," मी म्हणाले, "वाटण कच्चं राहिलंय."

नवऱ्याचा हात घासासकट थांबला. त्यानं मला टेबलाखालून पायानं डिवचलं. सासूबाई मात्र तरातरा पुढे आल्या, माझ्यासमोरची वाटी उचलली, त्याची उचलली, सगळं कालवण परत पातेल्यात ओतलं आणि गॅस मोठा केला.

"किती कच्चं?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"बरंच."

"मग ये इकडे," त्या म्हणाल्या. "इथे उभी राहा आणि झालं की सांग."